किल्ली पोराच्या खिशात ठेवणाऱ्या वायरमन मामांस

मामा,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडं माझ्यासारखी छोटी युनिटं चालवणाऱ्यांनीही हे वाचावं.

आमच्याकडं कामाला असलेला पोरगा फर्नेसच्या, म्हणजे भट्टीच्या, पॅनलवर चिकटला तेव्हा मेन बंद होता. खरंच बंद होता. पीएलसीचं (भट्टी चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) आउटपुट मॉड्यूल बदलायचं म्हणून त्यानंच आयसोलेटर, म्हणजे पॅनलचा मेन स्विच, पाडला, दार उघडलं, टर्मिनलला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. नशीब की सुटला. तळहातावर रुपयाएवढा डाग अजून आहे. पॅनल बसवून देणाऱ्यांचा इंजिनिअर आला, लॅपटॉप उघडला, प्रोग्राम ओके आहे म्हणाला आणि जाता जाता "हात ओला असेल त्याचा" असं सांगून गेला. आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियननं तर पोरालाच झापलं. बिलं मात्र दोघांचीही वेळेवर आली.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही आलात ते पिशवीत टेस्ट लॅम्प, पक्कड आणि डबा घेऊन. आधी लॅम्प चालू पॉइंटवर लावून पाहिलात, मग मॉड्यूलवर, मग परत चालू पॉइंटवर. मधल्या वेळी लॅम्प पेटला. मेन बंद, आणि लॅम्प पेटलेला! डक्टची झाकणं काढून एकेक वायर बोटानं चाचपत गेलात आणि शेवटी निघालं काय, तर मॉड्यूलच्या आउटपुटचा २३० व्होल्टचा कॉमन, म्हणजे त्याला वीज देणारी वायर, शेजारच्या कॉम्प्रेसरच्या डीबीवरून (वीज वाटपाच्या पेटीवरून) घेतलेला. ना फेरूल (वायरीवरचा नंबर), ना लेबल, ना वायरीचा रंग वेगळा. "साहेब, ह्या घराला दोन दारं हाईत आन तुमी एकच लावताय," एवढंच म्हणालात. ज्यानं ते केलं त्याला एक शिवीसुद्धा दिली नाहीत. मी दिल्या, भरपूर.

दुसरी गोष्ट तर मी विचारलीही नव्हती. हीटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉन्टॅक्टरची, कॉइल थेट मॉड्यूलमधल्या छोट्या स्विचवर, रिलेवर, जोडलेली, तो रिले २ अँपिअरचा. एवढ्या मोठ्या कॉइलच्या ठिणग्या खाऊन काँटॅक्ट एक दिवस चिकटणारच, म्हणालात. तसा तो चिकटला असता तर इमर्जन्सी स्टॉप दाबूनही ४१५ व्होल्टचे हीटर तापतच राहिले असते, कारण ते लाल बटण नुसतं पीएलसीच्या इनपुटला दिलेलं होतं. म्हणजे इतके दिवस आमच्याकडं लाल रंगाची एक शोभेची वस्तू होती. तुम्ही मध्ये वेगळा रिले घातलात, ठिणग्या दाबायला कॉइलवर स्नबर लावलात आणि बटण सरळ कॉइलच्या वायरीत घेतलंत.

पण मामा, हे सगळं दुसरा एखादा चांगला वायरमनही करू शकला असता. मला लिहायचंय ते कुलपाबद्दल.

काम सुरू करायच्या आधी तुम्ही पिशवीतून दोन पितळी कुलपं काढलीत. एक आमच्या आयसोलेटरला, दुसरं कॉम्प्रेसरच्या डीबीला. दोन्ही किल्ल्या एका सुतळीत ओवून पोराच्या शर्टाच्या खिशात टाकल्यात आणि खिशाचं बटण स्वतः लावलंत. झटका बसल्यापासून तो पॅनलसमोरनं जाताना भिंत धरून जायचा. त्या दिवशी तुम्ही त्यालाच आत हात घालायला लावलात.

चारच्या सुमारास मी खाली आलो. फाउंड्रीवाल्याचा माल पडून होता, फोनवर फोन चालले होते. म्हटलं, "मामा, टाका की आता मेन." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "किल्ली त्याच्याकडं हाय, त्याला इचारा."

विचारलं. तो माझ्याकडं बघितला, तुमच्याकडं बघितला आणि म्हणाला, "अजून थोडं राहिलंय, सर." आमच्या शेडमध्ये मला नाही म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ. मी गप वर गेलो.

४ मार्चला, सुरक्षा दिनाला आम्हीही शपथ घेतो, बिल्ले लावतो, फोटो काढतो. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' आहेच. बोर्डावर खर्च करणारे खूप भेटतात. आयटीआय झालेल्या, घाबरलेल्या पोराच्या हातात मालकाला थांबवायची ताकद देणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही. आणि ते करून वर चहालाही "साखर कमी" एवढीच अट.

(एका हुशार पाहुण्यानं सांगितलं, ६५० व्होल्टच्या आत असेल तर जुन्या नियमात त्याला हाय व्होल्टेज म्हणतच नाहीत. सांगा म्हटलं जाऊन पोराच्या हाताला.)

पोरानं तारतंत्री, म्हणजे वायरमनच्या, परीक्षेचा फॉर्म भरलाय. कुलपं त्याच्याकडंच आहेत, परत मागू नका. दुसऱ्या फर्नेसचं पॅनल पुढच्या महिन्यात येतंय. आउटपुटचा फीड कुठून घेतलाय ते दारावर लिहायचं आणि स्टॉपचं बटण कॉइलच्या वायरीतच पाहिजे, हे ऑर्डरमध्ये घातलंय. सप्लायर म्हणतो, जास्तीचे पडतील. पडू देत. पण माल ताब्यात घेण्याआधी तुम्ही येऊन लॅम्प लावून बघायचं. गाडी पाठवतो, एसटीनं येऊ नका.

तुमचा,
फर्नेसवाला