चर्चा दराची, सवलत अधिभारात

महोदय,
श्रीमंतांच्या करकपातीवरचा वाद प्राप्तिकराच्या ३० टक्के या सर्वोच्च दराभोवतीच फिरतो. तो दर कित्येक वर्षे तसाच आहे. कात्री लागली ती अधिभाराला, म्हणजे मोठ्या उत्पन्नावरच्या जादा आकारणीला. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पाने पाच कोटींवरच्या उत्पन्नाला ३७ टक्के अधिभार लावला. अधिभार उत्पन्नावर नव्हे, करावर बसतो आणि त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे ३० गुणिले १.३७ गुणिले १.०४, एकूण ४२.७४ टक्के. २०२३मध्ये नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) अधिभार २५ टक्क्यांवर आला आणि कमाल दर ३९. सहा कोटींच्या पगारावर वर्षाला सुमारे २२ लाखांची बचत!

त्याहून मोठ्या सवलतीचा विषय मात्र कुणी काढत नाही. शेअर बाजारात नोंदलेले शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकल्यावरच्या (दीर्घकालीन) नफ्यावर २३ जुलै २०२४पासून १२.५ टक्के कर आहे, त्यावरचा अधिभार १५ टक्क्यांवर थांबतो. उपकरासह १४.९५ टक्के. उलट २४ लाखांवर पगार असलेल्याला त्या वरच्या रकमेवर ३१.२ टक्के भरावे लागतात. शेअरचा नफा कंपनीने आपला कर भरल्यानंतरचा असतो, म्हणून त्यावर कर कमी, हा युक्तिवाद खरा. पण कंपन्यांचा दरही २०१९मध्येच, सवलती सोडणाऱ्यांसाठी, २२ टक्क्यांवर आला.

आणखी एक. अधिभार राज्यांबरोबर वाटला जात नाही. त्यामुळे तो घटला तर तूट केंद्राची. मूळ दर घटला तर महाराष्ट्राच्या वाट्यालाही चाट. विधिमंडळात यावर बोलताना निदान हा फरक तरी करावा.

– एक करसल्लागार, ठाणे