एकच सूर धरून ठेवायला शिकवणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र दोन वर्षं मनात आहे. परवा रेकॉर्डिंग संपल्यावर साउंड इंजिनियरनं विचारलं, "हे स्ट्रिंग्ज कुठल्या प्लगइनचे?" मी कॉम्प्युटरकडे नाही, रॅकमधल्या मॉड्यूलकडे, म्हणजे कीबोर्ड जोडून वाजवायच्या आवाजाच्या पेटीकडे, बोट दाखवलं आणि ठरवलं, आज लिहायचंच. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला दिलंत ते आणखी कुणाच्या तरी कामी यावं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा हातात तीन मॉड्यूलचे माहितीतक्ते होते. कुणाची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे आवाज) जास्त, कुणात आवाज जास्त, असा सगळा हिशेब मांडून आले होते. तुम्ही तक्ते बाजूला ठेवलेत आणि म्हणालात, "आधी रिव्हर्बचा घुमारा बंद कर, कोरसचा दाटपणा बंद कर. मग मधल्या सप्तकातला एकच सूर दाब आणि विरेपर्यंत सोडू नकोस."

त्या दुपारी तिन्ही यंत्रांवर मी तोच सूर ऐकला. एकावर पियानोची सुरुवात सुंदर होती, पण क्षणभरात सॅम्पल (मुद्रित आवाज) लूपवर, म्हणजे त्याच तुकड्याच्या पुनरावृत्तीवर, आलं आणि पुढे नुसती सपाट रेघ ऐकू येत राहिली. दुसऱ्यावर की हळू दाबा नाहीतर जोरात, पातळी तेवढी बदलायची, रंग तोच. तिसरं दिसायला अगदी साधं होतं, पण बोटाचा जोर वाढेल तसा सूर उजळत जायचा. निवड तिथेच झाली. रिव्हर्ब चालू असता तर तिन्ही सारखीच गोड वाटली असती, हे मला नंतर कितीतरी वेळा जाणवलं.

पॉलिफनीचा आकडाही तुम्हीच नीट उलगडून सांगितलात. १९९४ च्या जेव्ही-१०८० मॉड्यूलमध्ये ६४ व्हॉइस, म्हणजे एका वेळचे आवाज, आहेत, पण एका पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या एका वाद्याच्या आवाजात, चारपर्यंत टोन (थर) बसतात आणि प्रत्येकाला एक व्हॉइस लागतो. चारही वाजत असतील तर हातात उरतात १६ सूर, आणि सस्टेन पेडल दाबून ठेवलं की तेही बघता बघता संपतात. आणि याच्या उलट १९८३ चं डीएक्स-७ सिंथेसायझर: एका वेळी १६ सूर, मोनो आउटपुट, आत एकही इफेक्ट नाही. तरी त्याचा इलेक्ट्रिक पियानो ते दशकभर जिकडेतिकडे ऐकू येत राहिला. का, तर त्यातले सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी तयार करणारे घटक, एकमेकांना डोलवून सूर घडवतात, आणि की जोरात दाबली की ते डोलणं वाढून वरचे स्वरांश फुटतात. बोटाला उत्तर देणारं यंत्र म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

जुनं मॉड्यूल घेताना डिस्प्ले, प्रत्येक बटण आणि प्रत्येक आउटपुट तुम्ही स्वतः तपासलंत. आतली नाण्यासारखी बॅटरी बदलायच्या आधी सगळे पॅच मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या ठरलेल्या संकेतभाषेच्या, सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशांनी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला लावलंत. नाहीतर आधीच्या मालकानं घडवलेले ते ब्रासचे (पितळी वाद्यांचे) आवाज कायमचे गेले असते.

पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या आठवड्यासाठी. घरी आणलेलं तेच मॉड्यूल मला पातळ, धुरकट वाटायला लागलं. पार्श्वभूमीला सतत सळसळ, शिवाय एक बारीक किणकिण. मी ते परत द्यायला निघाले होते. तुम्ही फोनवर म्हणालात, "थांब, येतो."

सळसळीचं कारण एका मिनिटात सापडलं. मॉड्यूलचा व्हॉल्यूम मी पाव ठेवला होता आणि मिक्सरचा गेन पूर्ण उघडला होता. तुम्ही पहिला जवळजवळ पूर्ण केलात आणि सर्वांत भरगच्च कॉर्ड वाजवायला लावून दुसरा बेतानं खाली आणलात. किणकिण लॅपटॉपकडून येत होती. यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉप आणि मॉड्यूल या दोन्हींचे ग्राउंड जोडले जात होते आणि ऑडिओ केबलमुळे ते चक्र पूर्ण होत होतं. तुम्ही पिशवीतून मिडी इंटरफेस आणि पाच पिनांची मिडी केबल काढलीत, यूएसबी उपसलीत, आणि खोली एकदम शांत झाली. मिडी इन या खोबणीच्या मागे ऑप्टो-आयसोलेटर असतो, त्यात संकेत प्रकाशाच्या रूपानं पलीकडे जातो आणि विजेचं नातं तिथेच तुटतं, हे तुम्ही त्या शांततेत समजावलंत. १९८३ मध्ये मिडी आणताना ज्यांनी हा विचार केला त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

धुरकटपणा मात्र यंत्राचा नव्हताच. तुम्ही व्हेलॉसिटीचे, म्हणजे की किती जोरात दाबली त्याचे, आकडे स्क्रीनवर दाखवलेत. वरची मर्यादा १२७, आणि माझा कीबोर्ड कितीही जोर लावला तरी नव्वदीच्या पुढे जात नव्हता. मॉड्यूलमधली सर्वांत तेजस्वी सॅम्पल्स त्याच्या वर बसलेली, म्हणजे ती मी कधी ऐकलीच नव्हती! कीबोर्डचा व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाचा जोर आणि आकडा यांचं नातं) बदलला आणि स्ट्रिंग्जना धार आली. मग कंट्रोलर ७ (एकूण आवाजाची पातळी) एकदा ठरवून हात न लावता ठेवायचा आणि वाक्याचा चढउतार कंट्रोलर ११, म्हणजे एक्स्प्रेशनने, करायचा, हे शिकवलंत. गजाचा श्वास त्या ११ मध्येच आहे.

ठेका मागे का पडतो, तेही सोडवलंत. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका नोट-ऑनला, म्हणजे सूर सुरू करायच्या संदेशाला, जवळजवळ एक मिलिसेकंद. दहा सुरांचा कॉर्ड आणि ड्रम एकाच क्षणी पाठवले तर ड्रमला रांगेत थांबावं लागतं, त्यात आफ्टरटचची, म्हणजे दाबून ठेवलेल्या कीवरच्या दाबाच्या संदेशांची, भर. तुम्ही आफ्टरटच बंद केलात आणि पॅडचे (संथ, पसरट आवाजाचे) कॉर्ड काही टिक, म्हणजे अगदी किंचित, उशिरा ठेवलेत. त्यांचा अटॅक (सुराचा उठाव) इतका संथ की कुणाला पत्ताही लागत नाही, आणि किक नेमकी समेवर पडते.

त्या रात्री उशिरा निघताना तुम्ही मोबदल्याचं नावही काढू दिलं नाहीत. तुमची ती पाच पिनांची केबल अजून माझ्या रॅकला लावलेली आहे. ती न्यायला म्हणून तरी या. एक नवं मॉड्यूल घ्यायचा विचार आहे. रिव्हर्ब बंद ठेवते, पहिला सूर तुम्ही दाबा.

तुमची विद्यार्थिनी