एक-ईच्या नोंदीतलं रान

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस, आता गावात जात राहिली कुठं, एकाच हॉटेलात चहा पितो, एकाच पंगतीला बसतो. चहाचं खरं आहे. माझ्या बापाचा कप हॉटेलाच्या बाहेर, कुडात खोचलेला असायचा. पिऊन झाला की त्यानंच विसळून ठेवायचा. माझ्या लेकरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. एवढं बदललं, आणि ते लढून बदललं. पण मला तुझ्याशी सातबाऱ्याबद्दल बोलायचंय.

तुमच्या सातबाऱ्यावर पणजोबापासून नावं उतरत आली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पुढं कूळकायदा आला, कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या. आमची बहुतेक माणसं कूळ म्हणूनसुद्धा कागदावर नव्हती, सालगडी होती. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यातूनच माणसांना गायरान, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईची सरकारी जमीन, फोडायची हिंमत आली.

आमचं असंच गायरानातलं रान तू पाहिलंयस. आज तिथं तूर दिसते. माझ्या मायनं तिथले दगड डोक्यावर वाहून बांधाला लावले, थोरल्या बहिणीला झोळीत टाकून. उभ्या पिकात रात्री गुरं सोडली जायची. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, नांदेडकडच्या टेंभुर्णीत आमच्यातल्याच पोचिराम कांबळेंना मारलं, तेव्हा आमची माणसं रात्र रात्र उसात लपून बसली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. रानाला आमचं नाव अजून लागलेलं नाही.

२८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली दलित, आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमाकूल, म्हणजे कायदेशीर, करायची. आता या काळात आम्हीच कसत होतो, हे दाखवायचं कशावरून? मायकडं खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी आहे. ती उतरंडीमागं असते. त्यात अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या पावत्या आहेत, पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर फाटलेल्या. शेजारच्या काकांकडं गुरं अडवली म्हणून झालेल्या पोलिस केसचा कागद आहे. तलाठ्याच्या गाव नमुना एक-ईत, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत, बापाचं नाव आहे. सरकारनं आम्हाला गुन्हेगार म्हणून लिहून ठेवलं, तोच आमचा पुरावा. मायला वाचता येत नाही, पण कोणती पावती कोणत्या सालची हे ती कागदाच्या रंगावरून सांगते. त्या पिशवीसमोर बसलं की मला संताप येतो. दंड घेताना रान आमचं होतं, नाव लावताना सरकारचं होतं!

आणि नाव नाही म्हणजे नुसता मान नाही असं समजू नकोस. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. पीकविमा नाही. गारपीट झाली तर पंचनाम्यात आमचं पीक धरत नाहीत. त्याच गारांनी तुमची आणि आमची तूर एकाच दिवशी झोडपलेली असते. विहिरीची योजना नाही, म्हणून पाणी नाही, म्हणून दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, कोयता घेऊन कारखान्याला ऊस तोडायला जायचं. मायबापाबरोबर लेकरंही जातात, त्यांची शाळा अर्ध्यात सुटते. पोरगी वयात आली की फडावर सांभाळायची कशी, या धास्तीनं तिचं लग्न उरकतात. मग लोक म्हणतात, सवलती मिळूनही हे मागंच राहिले. तूही कधीतरी म्हणाला होतास. मला तेव्हा फार लागलं होतं.

ऊसतोडीला सगळ्या जातींची गरीब माणसं जातात, वंजारी जातात, मराठाही जातात, हे मला माहीत आहे. त्यांचंही दुःख तेवढंच खरं आहे. पण ज्याच्याकडं दोन एकर का होईना नावावर आहे, त्याला परत यायला काहीतरी असतं.

भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची योजना २००४ पासून आहे. पण ती जमीन शासनानं विकत घ्यायची असते, आणि आमच्या भागात विकायला तयार कोण होतो? जे झालं ते उलटंच. २०२२ च्या ऑक्टोबरात गायरानावरची अतिक्रमणं काढायचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, नोटिसा निघाल्या. त्या दिवसांत माय जेवत नव्हती.

आता कामाचं. रान नावावर करायचा आमचा प्रस्ताव पुन्हा द्यायचाय. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, असं तहसीलात सांगितलंय. सरपंच तुझा चुलतभाऊ आहे. मी विचारलं तर तो "बघू" म्हणतो. तू स्वतः ये. सभेत उठून सांग की लहानपणी तू त्या रानात आमच्याबरोबर हुरडा खाल्लायस, ते रान आम्हीच कसत होतो. तुझा शब्द तिथं चालतो, माझा चालत नाही. याच्यावर मी काही बोलत नाही, तूच विचार कर. तारीख ठरली की फोन करतो. मुक्कामाला आमच्याकडंच उतर, माय वाट बघते.

तुझाच,
लहानपणचा सोबती