बक्षीस पुरे, तालमीला जागा द्या

तरुण रंगकर्मींना संस्थांनी दीर्घकाळ पाठबळ द्यावे, हा रविवारच्या पुरवणीतील लेख पटला. सोलापुरात राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की तालमी रंगतात. प्रयोग झाला की नेपथ्याच्या फळ्या कुणाच्या तरी गच्चीवर पडतात आणि मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात. शेजारच्या कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी सुरू केली आणि वर्षानुवर्षे चालवली. आपल्याकडे बँका, साखर कारखाने सत्कारांवर (शाल-श्रीफळ आलेच!) सढळ खर्च करतात. त्यांनी एखाद्या गटाला सलग तीन वर्षे मासिक मानधन आणि तालमीसाठी हॉल द्यावा. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातील काही तारखा महापालिकेने या गटांसाठी सवलतीत राखून ठेवाव्यात.

– एक नाट्यरसिक, सोलापूर