वाटपाच्या छायाचित्रात ज्याचे नाव नसते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्यासह शहरातील बहुतेक दैनिकांच्या नाशिक आवृत्तीत दिव्यांगांना साहित्य वाटप झाल्याची बातमी अधूनमधून येते आणि तिच्यासोबतचे छायाचित्र जणू एकाच साच्यातून काढलेले असते. मधोमध नवी कोरी तीनचाकी सायकल, तिच्यावर बसलेली व्यक्ती, सायकलच्या हँडलला हात लावून उभे असलेले सात-आठ मान्यवर आणि खाली त्या सगळ्यांची पदांसह नावे. सायकलवर बसलेल्या माणसाचे नाव तेवढे नसते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, हा शासनाचाच नियम आहे. तेव्हा त्या निधीतून मिळणारी वस्तू हक्काची असते, छायाचित्र मात्र दानधर्माचे निघते.

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि कुबडी वापरते आणि आपले दैनिक गेली अनेक वर्षे वाचते. वर्तमानपत्रे, मालिका, चित्रपट आणि आता मोबाइलवरचे विनोदी कार्यक्रम या सगळ्यांविषयी माझी तक्रार एकच आहे. आम्ही तिथे असतो ते दुसऱ्या कोणाला तरी काही वाटावे म्हणून : कधी हसू यावे, कधी दया यावी, कधी स्फुरण चढावे. आमच्या कामामुळे, मतांमुळे किंवा भांडणांमुळे आम्ही तिथे क्वचितच पोचतो.

मालिकांचेच पाहा. नायिकेला किंवा सासऱ्यांना अपघात होतो, चाकांची खुर्ची येते, घरातील कारस्थानी बाई त्या खुर्चीचा यथेच्छ उपयोग करून घेते आणि दोन तासांच्या महाएपिसोडमध्ये, बहुधा देवीसमोर, तो माणूस उठून दोन पावले टाकतो. कॅमेरा पायांवर, पार्श्वभूमीला घंटानाद. खुर्चीत बसूनच नोकरीला जाणारा, घराचा हप्ता भरणारा, बायकोशी वाद घालणारा माणूस लेखकाला का सुचत नाही, कोण जाणे. खुर्चीही नेहमी रुग्णालयातल्या वऱ्हांड्यात असते तशी, मागून कोणीतरी ढकलायची. दृष्टिहीन पात्राने काळा चष्मा लावून, दोन्ही हात पुढे धरून फर्निचरला धडकलेच पाहिजे असा तर अलिखित नियमच दिसतो. पांढरी काठी जमिनीवर डावी-उजवीकडे फिरवत रस्ता कसा काढतात, हे दिग्दर्शकाने कधी पाहिलेले नसावे. आणि कॅलिपर! गुडघ्याजवळच्या कड्या वर सरकवल्याशिवाय त्यात पाय वाकतच नाही, उभे राहिल्यावर त्या पुन्हा खाली पडून सांधा पक्का होतो. दिवसातून कितीतरी वेळा ही क्रिया होते आणि बसमध्ये शेजारच्याला तिचा खटका ऐकूही येतो. पडद्यावरची कॅलिपरवाली नायिका मात्र सरळ पाय मुडपून सोफ्यावर बसते. भारताला मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित करण्यात आले, तेव्हा आजच्या तरुण लेखकांनी कॅलिपर पाहिलेला नसणे साहजिकच आहे. पण आमची पिढी अजून हयात आहे, विचारायला काय हरकत होती?

सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास हेच सांगितले आहे. एका हिंदी चित्रपटातील दिव्यांग पात्रांच्या चित्रणावर आक्षेप घेणाऱ्या निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल देताना चित्रणासाठी काही मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. दिव्यांगांना हिणवणारा विनोद आणि दिव्यांगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला; त्यामुळे आमच्यावर विनोदच करू नका असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. आम्हा दिव्यांगांच्या संस्थेच्या बैठकीत होणारे विनोद छापले, तर आपल्या वाचकांना ते जरा जहाल वाटतील. दिव्यांगांचा सल्ला घेतल्याशिवाय त्यांच्याविषयी काही ठरवू नये, हे तत्त्व निकालात आहे. दृष्टिहीन माणूस वस्तूंना धडकतच चालतो असल्या समजुतींवर आधारलेली टिंगल नको, तसेच त्याला अचाट शक्तीचा महामानव करून दाखवणेही नको, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

या दुसऱ्या टोकाकडे वर्तमानपत्रांचे दुर्लक्ष होते, कारण आपण कौतुक करत आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘अपंगत्वावर मात’ हा मथळा दरवर्षी ठरलेला. त्या मुलीने मात नेमकी कशावर केली, हे बातमीत शोधून सापडत नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता का, लेखनिक वेळेवर मिळाला का, ब्रेलमधील पुस्तके सत्राच्या सुरुवातीला आली की शेवटी, हे एकदा विचारले, तर निम्म्या वेळा बातमी मुलीच्या जिद्दीकडून शाळेच्या आणि शिक्षण विभागाच्या कारभाराकडे वळेल. कदाचित म्हणूनच विचारले जात नसावे. आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याचे धावपटू दिलीप गावित यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्णपदक ४९.४८ सेकंदांत जिंकले आणि त्या पदकाने भारताच्या पदकांची शंभरी पूर्ण झाली. अशा खेळाडूविषयी मला खेळाच्या पानावर खेळाचेच वाचायचे आहे. एका हाताने सुरुवातीच्या ब्लॉकवर तोल कसा साधतात, वळणावर शरीर कसे झुकवतात, पॅरा धावपटूंच्या टी-४७ या गटात कोण कोण धावते, हे सांगणारी चार वाक्ये मला दैवाच्या आघातावरील चाळीस ओळींपेक्षा मोलाची वाटतील.

अभिनयाचा मुद्दाही याला लागूनच आहे. २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली होती, म्हणजे ही गोष्ट मराठीत अशक्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा भरवते आणि तिथे मुले काय तयारीने काम करतात, हे पाहिलेल्यांना सांगायला नको. पुढे ही मुले मोठी होतात आणि रंगभूमीवरून नाहीशी होतात, कारण हौशी किंवा व्यावसायिक नाटकात त्यांच्यासाठी भूमिका नसते आणि असलीच, तर ती धडधाकट नटाकडे जाते. वर ‘आव्हानात्मक भूमिका’ म्हणून त्याची मुलाखत छापून येते. नाशिकच्या नाट्यसंस्थांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू करताना एखादी साधी भूमिका, दुकानदाराची, वकिलाची, शेजारणीची, दिव्यांग कलावंताला देऊन पाहावी. त्या पात्राच्या दिव्यांगत्वाविषयी संहितेत चकार शब्द नसला तरी चालेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पडद्यावर येतात ते चार. थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन किंवा ॲसिड हल्ल्याने आलेले दिव्यांगत्व यांसह जगणाऱ्यांना तर दयेच्या भूमिकाही फारशा मिळत नाहीत.

आपल्याकडून माझ्या अपेक्षा अगदी व्यवहारातल्या आहेत. वाटपाच्या छायाचित्राखाली पहिले नाव ती वस्तू घेणाऱ्याचे असावे, अर्थात त्याची संमती असेल तर. त्याला ते छापून यायला नको असेल, तर छायाचित्रच देऊ नये. दिव्यांगांविषयीच्या बातमीत निदान एक वाक्य त्यांच्यापैकी कोणाचे तरी असावे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला पुरवणी काढताना एक लेख शहरातील बसथांबे, पदपथ आणि नाट्यगृहांतील पायऱ्या यांच्यावर असावा आणि तो दिव्यांग व्यक्तीकडूनच, नेहमीचे मानधन देऊन, लिहून घ्यावा. शिवाय, हे पत्र छापण्याजोगे वाटले, तर ते ई-पेपरच्या पानापुरते न ठेवता संकेतस्थळावर मजकूर म्हणूनही द्यावे. ई-पेपरचे पान चित्ररूपात असल्याने स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, ते वाचता येत नाही आणि माझे काही दृष्टिहीन स्नेही आपले दैनिक रोज सकाळी कोणाकडून तरी वाचून घेतात.

आपली,
एक वाचक,
नाशिक रोड