जुन्या मोबाइलसाठी विभाग कार्यालयात जागा हवी

महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मुंबईतल्या घराघरांत माळ्यावरचे सामान खाली येते. त्यात बंद पडलेले मोबाइल, चार्जर, वायरींची भेंडोळी आणि एखादा जाडजूड जुना टीव्ही असतोच. हे द्यायचे कुणाला? सुक्या कचऱ्याचा डबा किंवा भंगारवाला, एवढेच दोन सोपे मार्ग आज सामान्य माणसापुढे आहेत. सोसायटीच्या कमिटीत काम करताना मला सतत जाणवते की लोकांची तयारी असते, पण योग्य जागी नेऊन देण्याची सोय घराजवळ नसते. मग वस्तू पुन्हा माळ्यावर चढते, आणि जागेची अडचण झाली की एक दिवस कचऱ्यात जाते.

त्यापुढचे काही आपल्याला दिसत नाही. कुर्ला, साकीनाका, धारावी या भागांत मोडीचा धंदा वर्षानुवर्षे चालतो आणि अनेक कुटुंबे त्यावर जगतात. पण जिथे साधने नाहीत तिथे तांबे काढण्यासाठी वायरींचे प्लास्टिक सरळ जाळले जाते आणि त्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. सर्किट बोर्डावरचे सोने सोडवायला ते आम्लात बुडवतात. उरलेले आम्ल गटारात. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, सीएफएल दिव्यात पारा असतो. शिशामुळे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही, आणि ही कामे अनेकदा राहत्या वस्तीतच चालतात. मोबाइलची लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दबली किंवा फुटली तर आग लागू शकते, म्हणजे धोका सफाई कामगारालाही आहेच.

दोष भंगारवाल्याचा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. तो दारात येतो, रोख पैसे देतो आणि चालू भाग वेगळे काढून पुन्हा वापरात आणतो. इतकी पोहोच कोणत्याही सरकारी योजनेला जमलेली नाही. त्याला हटवण्यापेक्षा साखळीत सामावून घ्यावे. अख्खा बोर्ड न जाळता, न फोडता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला दिल्यास त्याला जास्त भाव मिळाला, तर जाळण्याचे कारणच उरणार नाही.

कायदा आपल्याकडे आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट बंधनकारक आहे : पहिली दोन वर्षे ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. मात्र हा हिशेब पुनर्प्रक्रिया झाल्याच्या प्रमाणपत्रांच्या रूपाने कंपन्या आणि पुनर्प्रक्रिया करणारे यांच्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर पुरा होतो. वर्षाला किमान हजार उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांवर नोंदणीकृत व्यक्तीलाच ई-कचरा देण्याची जबाबदारी आहे. दोन खोल्यांच्या घरातला जुना फोन या साखळीत शिरणार कुठून? २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रांना निदान स्पष्ट स्थान होते.

जगात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. जपानने मात्र टोकियो ऑलिम्पिकच्या सुमारे पाच हजार पदकांसाठी लागणारे सोने, चांदी आणि कांस्य लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून मिळवले. ६२ लाखांहून अधिक मोबाइल आणि एकूण सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणे जमली, त्यांतून ३२ किलो सोने निघाले. हे साधले कारण देशभरातल्या बहुसंख्य स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या आणि वस्तू देण्याची जागा लोकांच्या हाताशी आली.

मुंबई महापालिकेनेही प्रत्येक विभाग कार्यालयात ई-कचऱ्यासाठी कायमची, कुलूपबंद पेटी ठेवावी. कुलूप महत्त्वाचे आहे, कारण फोटो आणि बँकेची माहिती दुसऱ्याच्या हाती लागेल या भीतीनेच कितीतरी जण जुना फोन घराबाहेर काढत नाहीत. फोन देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून त्यातली माहिती कशी पुसायची, हे पेटीवर मराठीत लिहावे. फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वेगळा डबा हवा. दिवाळीआधीच्या एका रविवारी सोसायट्या, चाळी आणि वस्त्यांतून गाडी फिरवावी, आणि जमा झालेला माल कोणत्या केंद्राला, किती किलो गेला हे विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांची यादी पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकासह दिवाळीपूर्वी छापावी. ती आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर लावण्याची जबाबदारी मी घेतो.

– एक वाचक, परळ, मुंबई