आयुक्त साहेब, जागा आत्ताच विकत घ्या

माननीय आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या गरजांसाठी पुणे शहराने खासगी जमीन आत्ताच विकत घ्यावी का, यावर सध्या खल चालू आहे. मी कोंढवा बुद्रुकला राहते, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जमीन वेळेवर घेतली नाही की काय होतं, ते मी रोज घरात बघते आहे, म्हणून लिहिते.

आमच्या यांची बायपास झाली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. आमच्याकडे बाग नाही, मैदान नाही, फुटपाथ आहे तिथे हातगाड्या. पंधरा दिवसांपूर्वी रस्त्याच्या कडेने चालताना उलट बाजूने आलेल्या दुचाकीने यांना उडवलं. उजवं मनगट मोडलं. बाहत्तराव्या वर्षी शर्टाची बटणं मी लावून देते, आणि हे मान खाली घालून उभे राहतात. ते मला बघवत नाही. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीला लागून असलेल्या मोकळ्या जागेला पत्रे लागले. आता तिथे इमारत होणार.

त्या जागेवर उद्यानाचं आरक्षण होतं, साहेब! २००६ साली विकास आराखड्याच्या नकाशातला तो हिरवा तुकडा बघूनच आम्ही इथे फ्लॅट घेतला. आयुष्याची पुंजी घातली. पुढे त्या आरक्षणासाठी मी एका कार्यालयात किती खेटे घातले, त्याची मोजदाद नाही. मोजणी व्हायची आहे. निधी नाही. फाईल वर गेली आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत. गुडघे दुखत असताना जिने चढले, अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या. तेवढ्यात मालकाने ‘जागा विकत घ्या, नाहीतर मोकळी करा’ अशी पर्चेस नोटीस दिली, मुदत कुणी पाळली नाही आणि आरक्षण गेलं. मला कळलं ते पत्रे लागल्यावर.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ मी आता पाठ केलं आहे. विकास आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर जागा घ्यायची मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस. मुदत चौपट झाली तरी जागा हातच्या जातातच. मालकावर माझा राग नाही. त्याचीही जमीन इतकी वर्षं अडकली, ना बांधता येत होती, ना धड विकता. त्याला वेळेवर पैसे दिले असते तर त्याचंही भलं झालं असतं आणि आमचंही.

पैसे नाहीत, हे उत्तर आता देऊ नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात जमीन संपादन करायची तर बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. थांबण्याची किंमत दरवर्षी वाढत जाते. आम्ही १,८०० रुपये चौरस फुटाने घर घेतलं, आज याच इमारतीत सात हजार सांगतात. कात्रज-कोंढवा रस्ता तर आमच्या दारातला. २०१८ साली काम सुरू झालं. रुंदी ८४ मीटर ठरली होती, जागाच ताब्यात येईना म्हणून ती ५० मीटरवर आणली. त्या रस्त्यावर माणसं मेली आहेत, साहेब. वाहतुकीचा उन्नत वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात आहे. तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आज तिची मुलगी कॉलेजात जाते आणि मार्ग अजून नकाशावरच आहे.

१९९७ साली २३ गावं शहरात घेतली, आमचं त्यातलंच. आधी इमारती आल्या, मग रस्त्यांची आठवण झाली, बागेची तर झालीच नाही. २०१७ ला ११ आणि २०२१ ला आणखी २३ गावं आली. तिथे अजून शेतं उभी आहेत. तिथल्या मालकांशी आज बसून बोला, वाटाघाटीने भाव ठरवा, रोख द्या. शाळा, दवाखाना, मैदान, कचरा प्रकल्प, स्मशान, यांतलं काही ना काही लागणारच आहे. नंतर उरुळी देवाचीसारखं एकाच गावाच्या डोक्यावर साऱ्या शहराचा कचरा ओतायची वेळ आणू नका.

आणि घेतलेली जागा राखा. २०२१ मध्ये अॅमिनिटी स्पेस, म्हणजे बांधकाम प्रकल्पांतून सार्वजनिक सोयींसाठी मिळालेल्या जागा, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आला होता, तो आम्ही विसरलेलो नाही. नागरिकांच्या नावाने जागा घ्यायची आणि मग ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, याला आमची कधीच संमती नव्हती. निवडणुकीला दारात येणाऱ्यांपैकी एकही जण आमच्या शेजारच्या जागेसाठी एकदाही उभा राहिला नाही. कर मात्र आम्ही मे महिन्यातच भरतो, सवलतीसाठी रांग लावून.

माझी मागणी फार नाही. आरक्षित जागांपैकी किती ताब्यात आहेत, कुठल्या मालकांच्या नोटिसा आल्या आहेत आणि प्रत्येकीची मुदत कोणत्या तारखेला संपते, ही यादी दर महिन्याला प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा. विकत घेतलेल्या जागेच्या सातबाऱ्यावर शहराचं नाव चढवा आणि कुंपण घाला.

आमच्या शेजारची जागा गेली, ती परत येणार नाही. पण आमच्याच गल्लीच्या टोकाला शाळेचं आरक्षण असलेला एक तुकडा अजून मोकळा आहे. तिथे संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. त्याच्या मालकानेही नोटीस दिली आहे, असं ऐकते. ती तारीख मला कळवा.

आपली,
कोंढवा बुद्रुक येथील एक निवृत्त शिक्षिका